अवमान कोणाचा?

आमच्या सल्ला केंद्रात मध्यंतरी एक मावशी आल्या. पन्नाशी उलटलेल्या, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अकरा वर्षांची कागदपत्रं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "ताई, माझ्या भावानं कोर्टाचा अपमान केलाय. आता त्याला आत टाकायचंय. तेवढं लिहून द्या."

कागद वाचले. वडिलांच्या जमिनीत वाटप मिळावं म्हणून मावशींनी दावा लावला होता. मावशींचा हिस्सा किती, हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा झाला होता. प्रत्यक्ष तुकडा पाडून ताबा मिळेपर्यंत कोणी जमीन विकू नये, तिच्यात फेरबदल करू नयेत, असा मनाई हुकूमही होता. तरी भावानं बांधावरची आंब्याची झाडं तोडली, विहीर खणली आणि रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन साठेखत करून तिसऱ्याला देऊन टाकली. मावशी विचारायला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "जा, सांग तुझ्या कोर्टाला."

मावशींच्या डोळ्यांत चमक होती ती या वाक्यामुळे. अकरा वर्षं त्या एकट्या लढत होत्या. आता भावानं थेट कोर्टालाच आव्हान दिलं, म्हणजे कोर्ट आपल्या बाजूनं उठून उभं राहील, अशी त्यांची खात्री होती. हीच खात्री गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बहिणींच्या बोलण्यात दिसते. 'हिस्सा मिळत नाही तर निदान अवमान तरी करू.' या आशेबद्दल आपण संघटनांनी मोकळेपणानं बोललं पाहिजे असं मला वाटतं. कारण ती काही अंशी खरी आहे, आणि बऱ्याच अंशी फसवी.

कायदा मिळाला, जमीन नाही

थोडं मागे जाऊ. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मानं हक्क दिला. पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे ज्या बायका तेव्हा आपल्या बैठकांना येत होत्या, त्यातल्या बहुतेकींच्या हाती काहीच लागलं नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. मग त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत यावर पंधरा वर्षं कोर्टांमध्ये घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो संपवला: हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं आणि विक्रीव्यवहार मोडता येणार नाहीत.

हा सगळा आपल्या चळवळीच्या जमेचा भाग. पण कागदावरचा हक्क आणि पायाखालची जमीन यांच्यात किती अंतर आहे हे सातबारा काढला की कळतं. वडील गेल्यावर वारस नोंदीत बहिणींची नावं लागतात, कित्येक ठिकाणी ती वर्षानुवर्षं 'इतर हक्क' या रकान्यात पडून राहिली. वहिवाट भावाची. उसाचं बिल भावाच्या नावावर. सोसायटीचं कर्ज भावाच्या नावावर. बहिणीला दिवाळीला साडी-चोळी आणि एक दिवस तालुक्याच्या गावी "जरा सही करायला ये" असा निरोप. ती सही हक्कसोडपत्रावरची असते. जी सही करत नाही, तिला माहेर बंद. मग ती दावा लावते, आणि तिथून अवमानाची गोष्ट सुरू होते.

अवमान म्हणजे नेमकं काय

न्यायालय अवमान कायदा १९७१ सालचा. त्यात दिवाणी अवमान म्हणजे कोर्टाचा निकाल, हुकूम, आदेश यांची जाणूनबुजून केलेली अवज्ञा, किंवा कोर्टाला दिलेल्या हमीचा जाणूनबुजून केलेला भंग. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिवाणी अवमानात दंड हाच नेहमीचा मार्ग, तुरुंग हा अपवाद, असं कायदाच सांगतो. आणि कोर्टाचं समाधान होईल अशी माफी मागितली तर तेही माफ. खालच्या कोर्टाच्या हुकुमाचा भंग झाला तर या कायद्याखाली शिक्षा देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे.

पण वाटपाच्या दाव्यातल्या मनाई हुकुमासाठी दुसरा, जवळचा रस्ता आहे, आणि तो पुष्कळ कार्यकर्त्यांना ठाऊक नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ मधला नियम २-अ. हुकूम ज्या कोर्टानं दिला त्याच तालुक्याच्या कोर्टात अर्ज करायचा. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जप्ती एक वर्ष चालते, आणि त्यानंतरही अवज्ञा चालूच राहिली तर जप्त मालमत्ता विकून त्यातून नुकसान सोसलेल्या पक्षाला भरपाई देता येते. हा शेवटचा मुद्दा मी अधोरेखित करते. १९७१ च्या कायद्यातला दंड सरकारजमा होतो. बहिणीच्या पदरात काही पडण्याची शक्यता या नियमातच आहे. शिवाय जवळच्या कोर्टात उपाय असताना उच्च न्यायालय अवमानाची याचिका बहुधा हातात घेत नाही. तरी बायकांना मुंबईला, औरंगाबादला, नागपूरला पाठवलं जातं, गाडीभाडं जातं, वकिलाची फी जाते, आणि वर्षानंतर उत्तर येतं, 'खाली जा.'

आता त्या फसव्या आशेबद्दल. अवमान हा बहिणीचा आणि भावाचा मामला नसतो. तो कोर्ट आणि हुकूम मोडणारा यांच्यातला मामला असतो. बहीण तिथे फक्त खबर देणारी. भावानं हात जोडून "साहेब, चुकलो" म्हटलं, कोर्टाचा मान राखला गेला, की प्रकरण मिटलं. झाडं तुटलेलीच राहतात. कोर्टानं अर्ज फेटाळला तर या कायद्याखाली अपीलही नाही, कारण अपील फक्त शिक्षा झालेल्याला आहे. मावशी म्हणाल्या, "म्हणजे अपमान कोर्टाचा झाला, माझा नाही?" कायद्याच्या भाषेत याचं उत्तर 'होय' असंच आहे. पिढ्यान् पिढ्या जिला गृहीत धरलं, तिच्या हिश्श्याची अवहेलना कायद्याला दिसते ती कोर्टाच्या कागदाचा भंग झाल्यावरच.

'जैसे थे' कोणाचं?

यापेक्षाही मोठा सापळा म्हणजे 'जैसे थे'चा हुकूम. ऐकायला किती न्याय्य वाटतो. दोघांनीही आहे तसं राहा. पण आहे तसं म्हणजे कसं? भाऊ कसतो आहे, बहीण बाहेर आहे, तसं. 'जैसे थे' म्हणजे भावाची वहिवाट कोर्टाच्या शिक्क्यानिशी चालू. दावा पंधरा वर्षं चालला तर पंधरा हंगामांचं पीक त्याचं.

त्यातून हुकुमात दावा लावल्याच्या दिवशी जमिनीवर काय होतं हे लिहिलेलं नसतं. विहीर होती का, झाडं किती, कुंपण कुठवर. मग अवमानाच्या अर्जात भाऊ सांगतो, "विहीर आधीपासूनच होती." अवज्ञेचा आरोप गंभीर असतो, कारण त्यात माणसाचं स्वातंत्र्य जाऊ शकतं, म्हणून पुरावाही चोख लागतो. हुकूम संदिग्ध असेल तर त्याचा फायदा आरोपीला. बहिणीजवळ काय पुरावा? ती तर गावातच राहत नाही. शेजारचे साक्ष द्यायला तयार नाहीत, त्यांना भावाशी रोज गाठ.

आणि हे शस्त्र उलटंही फिरतं. आमच्याकडे एक बाई आल्या त्या आरोपी म्हणून. भावानं आधी जाऊन एकतर्फी मनाई घेतली होती. ही आपल्या मुलीला घेऊन वडिलांच्या शेतात गेली, पोतंभर भुईमूग उपटून आणला. लगेच तिच्यावर हुकूम मोडल्याचा अर्ज. वास्तविक सामाईक जमिनीत एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचा कब्जा समजला जातो, त्यामुळे एकानं दुसऱ्याला जमिनीवर येण्याची मनाई मागितली तर कोर्टानं दहा वेळा विचार केला पाहिजे. एकतर्फी मनाई दिली तर समोरच्याला ऐकून तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही संहितेत लिहिलेलं आहे. पण तारखा पडत राहतात आणि मनाई चालू राहते.

अशा वेळी बहिणीला काय सांगायचं? "हुकूम चुकीचा आहे, जा शेतात, आम्ही आहोत पाठीशी" असं सांगण्याचा मोह होतो. आंदोलनात आपण असे पुष्कळ हुकूम मोडलेत. पण इथे तसं सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९७ साली तय्यबभाई बगसरवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ज्या कोर्टाला पुढे अधिकारच नव्हता असं ठरलं, त्या कोर्टाचाही मनाई हुकूम तो चालू असेपर्यंत पाळावाच लागतो, आणि मोडला तर शिक्षा होऊ शकते. रस्ता आहे तो हुकूम उठवून घेण्याचा किंवा अपिलाचा. पोतंभर शेंगांसाठी बाईनं आपला स्वच्छ दावा डागाळून घेऊ नये.

दोन आक्षेप

आमच्या गटात यावर दोन टोकांची मतं निघाली. काही जणी म्हणाल्या, "अवमानाची नोटीस गेली की पुरुष नरम येतो. गावात बभ्रा होतो, पोलीस येतील अशी धास्ती वाटते. तडजोड होते. मग वापरायला काय हरकत?" हे मी नाकारत नाही. नोटीस पोचताच जेसीबी थांबलेला आम्ही पाहिलाय. पण धाक एकदाच चालतो. पहिला अर्ज तीन वर्षं पडून राहिला आणि काही झालं नाही की धाक संपतो, आणि भावाला कळतं की कोर्टाचा हुकूम मोडूनही काही होत नाही. ही शिकवण पुढच्या दहा बहिणींना महाग पडते. म्हणून अर्ज करायचा तो पुराव्यानिशी, वेळेत आणि शेवटपर्यंत नेण्याच्या तयारीनं. १९७१ च्या कायद्याखाली तर अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत पाऊल उचलावं लागतं. "दिवाळीनंतर बघू" म्हणता म्हणता ते वर्ष निघून जातं.

दुसऱ्या काही जणींचं म्हणणं, "सख्ख्या भावाला तुरुंगात पाठवायचं? मग माहेर कायमचं तुटेल. बाईला अडीनडीला कोण?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो प्रत्येक बहिणीच्या पोटात असतो. पण माहेर तुटलं ते अर्जामुळे की हिस्सा मागितल्यामुळे? जे माहेर हिस्सा सोडण्याच्या अटीवरच उघडं असतं, ते माहेर की भाडोत्री खोली? आणि एक गोष्ट लक्षात घ्या. बहीण कोर्टात गेली की 'भावाच्या जिवावर उठली', आणि भावानं कोर्टाचा हुकूम मोडला तर 'तापट आहे हो तो'. कायदा मोडणारा एक आणि दोष दुसरीला, हा हिशोब आपण मांडू द्यायचा नाही. मात्र तुरुंग हवा की भरपाई आणि ताबा हवा, हे त्या बाईनं ठरवायचं, आपण नाही. बहुतेकींना तुरुंग नकोच असतो. त्यांना जमीन हवी असते.

मग करायचं काय?

अनुभवातून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथे मांडते. आपापल्या वकील मैत्रिणींशी बोलून त्यात भर घाला.

मनाई हुकूमच नसेल तर अवमान नाही. नुसता दावा दाखल केला म्हणून भावाला विक्री करण्यापासून कोणी रोखत नाही. म्हणून दाव्याबरोबरच मनाईचा अर्ज हवा, आणि तो मोघम नको. 'जैसे थे' नको. विक्री, गहाण, बिगरशेती, झाडतोड, माती-मुरूम उपसा, बांधकाम, जे जे नको ते गट नंबरासह स्पष्ट लिहून मागायचं.

त्याच दिवशी कोर्ट कमिशनर नेमून जमिनीची पाहणी मागायची. विहिरी, झाडं, पीक, घरं, सगळ्याची नोंद आणि छायाचित्रं. ही नोंद असेल तर पुढे "आधीपासूनच होतं" म्हणता येत नाही.

दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. चालू दाव्यातली जमीन घेणाऱ्यावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो, पण महाराष्ट्रात त्यासाठी ही नोंदणी करावी लागते. अनेक वकील ती करत नाहीत आणि मग घेणारा म्हणतो, "मला काय माहीत?" मनाई हुकुमाची प्रत तलाठ्याला आणि दुय्यम निबंधकाला देऊन पोच घ्यायची.

हुकूम मोडून विक्री झालीच तर शिक्षेच्या मागे धावण्याआधी ती विक्री निष्प्रभ करायला बघायचं. १९९५ साली सुरजित सिंग खटल्यात, जो वाटपाचाच दावा होता, सर्वोच्च न्यायालयानं मनाई मोडून झालेल्या हस्तांतराला मान्यता द्यायला नकार दिला. भावाच्या तीन महिन्यांच्या कैदेपेक्षा बहिणीला हे कितीतरी मोलाचं.

पिकाचा हिशोब मागायचा. वहिवाट एकाची आणि हिस्सा सगळ्यांचा असेल तर उत्पन्नाचा वाटा का नाही? ही मागणी दाव्यातच लिहायला हवी. गरज पडल्यास जमीन रिसीव्हरच्या ताब्यात द्या, अशी मागणी करता येते. भावाला सगळ्यात जास्त झोंबते ती हीच मागणी, कारण दावा लांबवण्यातला फायदाच ती काढून घेते.

तडजोड झाली तर ती तोंडी नको. आणि नुसती लेखीही पुरत नाही. भावानं कोर्टापुढे स्पष्ट हमी दिली आहे, असं तडजोडपत्रात आणि हुकुमात यायला हवं. १९७९ साली बाबूराम गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की संमतीनं झालेला हुकूम म्हणजे आपोआप कोर्टाला दिलेली हमी नव्हे. पुढच्या निकालांत ही भूमिका थोडी सैल झाली, पण आपण धोका का पत्करायचा?

आणि अंतिम निकालानंतर रस्ता बदलतो. मनाई हुकूम हा दावा चालू असेपर्यंतचा. अंतिम हुकूमनामा झाला आणि भाऊ ताबा देत नाही, तर दरखास्त लावायची. तिथे अवमानाचा अर्ज घेऊन गेलं की तो चुकीच्या दारात नेल्यासारखा परत येतो.

आपली मागणी

हे सगळं झालं एकेकीचं. पण हजारो बहिणींना अवमानाच्या दाराशी जावं लागतं ते का? कारण प्राथमिक आणि अंतिम हुकूमनाम्यांमध्ये वर्षांमागून वर्षं जातात. हिस्सा ठरला की लोक म्हणतात केस जिंकली, पण जमीन मात्र जागची हलत नाही. शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे कलेक्टरमार्फत पाडले जातात. कोर्टाचा कागद तिकडे जातो, तिथून तहसीलला, तिथून मोजणीला, आणि प्रत्येक टेबलावर तो थांबतो. हुकूम मोडायला भावाला जो वेळ मिळतो तो याच टेबलांनी दिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली बुबना खटल्यात या रखडपट्टीवर बोट ठेवलं, आणि २०२२ साली सांगितलं की प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर पक्षकारानं वेगळा अर्ज करण्याची वाट न बघता कोर्टानं स्वतःहून अंतिम हुकूमनाम्याकडे जावं. हा निकाल आपल्या तालुक्याच्या कोर्टात पाळला जातो का, हे विचारणं आपलं काम आहे. कोर्टानं पाठवलेली किती वाटपं कलेक्टर कचेरीत पडून आहेत, हे माहितीच्या अधिकारात प्रत्येक जिल्ह्यात विचारता येईल. त्या यादीत बायका वादी असलेल्या किती, हेही.

मावशींचं पुढे काय झालं? नियम २-अ खाली अर्ज केला. सोबत साठेखताची प्रत, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांची छायाचित्रं आणि कमिशनरची मागणी जोडली. अंतिम हुकूमनाम्यासाठीही अर्ज दिला, जो सहा वर्षांपूर्वीच द्यायला हवा होता आणि कोणी त्यांना सांगितला नव्हता. दोन्ही अर्ज चालू आहेत. गेल्या तारखेला भाऊ कोर्टात आला होता. बाहेर ओट्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "आक्का, मला आत घालणार का?"

मावशी म्हणाल्या, "तुला आत घालून मला काय मिळणार? मला माझ्या जमिनीत जायचंय."